बिनतारी इंटरनेटची भिस्त तारेवरच

घरात नवा लॅपटॉप आला की पहिला प्रश्न इंटरनेटचा असतो. अनेक सडपातळ लॅपटॉपांतून केबल जोडण्याची खाचच नाहीशी झाल्याने वाय-फाय ही आता चैन उरलेली नाही. ही गरज पुण्या-मुंबईइतकीच भंडारा, तुमसर किंवा पवनी येथील घरांचीही आहे. मात्र ‘बिनतारी’ या शब्दाने एक गैरसमज रूढ केला आहे. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचे काही मीटर तेवढे बिनतारी असतात. त्यामागचा सारा प्रवास प्रामुख्याने तारेवरून होतो आणि सेवेचा कस तेथेच लागतो.

देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान गती ठरवली. जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बीएसएनएल आणि एमटीएनएलने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. घरात राउटर लावण्यासाठी आज कोणाची परवानगी लागत नाही, ती या दुसऱ्या निर्णयामुळे. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भागही खुला झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २ मेगाबिट करण्यात आली.

घरातला शेवटचा टप्पा असा सुकर झाला. दारापर्यंतच्या टप्प्याचे तसे झाले नाही. डिसेंबर २०२४ अखेर देशात सुमारे साडेचौऱ्याण्णव कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते. त्यांत तारेने जोडलेले ग्राहक जेमतेम चार कोटींच्या आसपास होते. उरलेल्यांचे इंटरनेट म्हणजे मुख्यतः मोबाइल.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकसंख्येच्या भंडारा जिल्ह्यात पाचांपैकी चार जण खेड्यांत राहतात. घरे जितकी विखुरलेली, तितका प्रत्येक जोडणीमागे तारेचा खर्च अधिक. कोका अभयारण्यासारख्या वनक्षेत्रातून तार न्यायची, तर वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. खासगी कंपन्यांचा ओढा त्यामुळे साहजिकच शहरांकडे राहतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. पुढे ते ‘भारतनेट’ झाले. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ‘महानेट’ प्रकल्प आखला गेला. ग्रामपंचायतीपर्यंत तार पोहोचवणे हे मूळ उद्दिष्ट होते. परंतु कार्यालयात तार पोहोचली म्हणजे घरात इंटरनेट आले, असे होत नाही. शिवाय सरळ रेषेत टाकलेली तार रस्त्याच्या खोदकामात एका ठिकाणी तुटली, तरी पुढची सर्व गावे अंधारात जातात.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात या दोन्ही दोषांची दखल घेतली गेली. त्यात वर्तुळाकार जोडणीवर भर आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे लक्ष्यही ठेवले आहे. हे किती साधले, याचे मोजमाप टाकलेल्या तारेच्या किलोमीटरांवरून नव्हे, तर चालू असलेल्या घरगुती जोडण्यांवरून व्हायला हवे.

तार नसेल तेथे मोबाइलचे हॉटस्पॉट किंवा २०२३ पासून उपलब्ध झालेल्या एअरफायबरसारख्या सेवा हा पर्याय आहे. परंतु मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते, हे विसरून चालत नाही. मनोराही बहुधा कोणत्या ना कोणत्या तारेवरच विसंबलेला असतो.

घरातील अडचणींचे स्वरूपही स्थानिक असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. धातू आणि पाणी दोन्हींना अडवतात. उन्हाळ्यात वैदर्भीय घरांच्या खिडकीत बसणारा पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर किंवा लोखंडी कपाट मध्ये आले की गती घसरते. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. वीज गेली की राउटरही बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी तेव्हा उपयोगी पडत नाही. ग्रामीण जोडणीचा विचार विजेला वगळून करता येत नाही, तो यामुळेच.

सुरक्षेकडे मात्र शहरी घरांतही दुर्लक्ष होते. जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका अमेरिकी नागरिकाच्या वाय-फाय जोडणीपर्यंत पोहोचला होता. त्या जोडणीचा गैरवापर परस्पर झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षिततेबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. डब्ल्यूईपी ही जुनी कुलूपव्यवस्था २००१ मध्येच कमकुवत ठरली होती. आज किमान डब्ल्यूपीए-२, शक्य तेथे डब्ल्यूपीए-३ निवडणे इष्ट. राउटरसोबत आलेला पासवर्ड न बदलणे किंवा स्वतःचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगण्यासारखे आहे.

राउटर कोठे ठेवावा आणि त्याला कोणते कुलूप लावावे, हे कुटुंबाच्या हाती आहे. दारापर्यंत अखंड तार आणणे हे त्याच्या हाती नाही. लाखांदूरच्या विद्यार्थ्याने नव्या लॅपटॉपवर भरलेला प्रवेशअर्ज मुदतीत पोहोचतो की नाही, हे अखेर त्या तारेवरच ठरते.