आधी उपचार, मग अंत्येष्टी

जत्रेत घेतलेली सेलवरची मोटारगाडी चार दिवस धावते आणि बंद पडते. घरातला मुलगा ती उघडू पाहतो, तोच वडीलधाऱ्यांचा हुकूम सुटतो, "टाकून दे, दुसरी आणू." या औदार्याविरुद्धच आमची फिर्याद आहे. देवळातील समईचा सांधा सुटला तर ती आपण कासाराकडे नेतो, उकिरड्यावर नाही. मग मुलाच्या वस्तूलाच हा न्याय का?

मुळात मोडले काय, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. पुष्कळदा मोटर शाबूत असते. आत विसरलेला अल्कलाइन सेल पाझरून त्याचा पांढरा क्षार पत्र्याच्या पट्ट्यांवर साचलेला असतो. लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून त्या पुसून कोरड्या केल्या की वीज पुन्हा वाहू लागते. कधी डाख सुटून तार निखळते, कधी आसाभोवती केसांचा गुंता बसतो. मोटर गुणगुणते पण चाक हलत नाही, तेव्हा बहुधा मोटरच्या दांड्यावरील चिमुकले दातेरी चक्र चिरलेले असते आणि दांडा त्यात नुसताच फिरत असतो. एकेक शक्यता बाद करीत दोषापर्यंत पोहोचणे ही पुराव्याची छाननीच होय. आमच्या व्यवसायातील कित्येकांना ती दहा वर्षांच्या पोराइतकीही साधत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

धोक्याचा आक्षेप आम्ही झिडकारीत नाही. बटणासारखा चपटा लिथियम सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. त्याच्या कप्प्याला स्क्रू हवाच, आणि फुगलेल्या सेलला मुलाने हात लावू नये. परंतु यावरून वडिलांनी शेजारी बसावे एवढेच सिद्ध होते. अख्खे कवच डिंकाने चिकटवून टाकणाऱ्या कारखानदाराला या सबबीचा आसरा मिळत नाही. सावंतवाडीच्या लाकडी गाडीचे चाक कोणताही सुतार बसवून देतो. तिच्यात लपविण्यासारखे काही नसते.

आता कायद्याकडे पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले, ते योग्यच. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने प्रथम शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने हाती घेतली, खेळणी नव्हेत. मात्र १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांच्या परिशिष्टात विजेची खेळणी न विसरता घातली आहेत! अंत्येष्टीची तरतूद झाली, वैद्याची नाही. जोडणीचा नकाशा खोक्यावर छापणे आणि दातेरी चक्रे सुटी विकणे कारखानदारांवर बंधनकारक करावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गावातला वायरमन महिन्यातून एका रविवारी देवळाच्या अग्रशाळेत बसला, मुलांनी आपापली बंद पडलेली खेळणी आणली, तर देवस्थान समितीस खर्च तो काय येईल? एक मल्टिमीटर, दोन-चार पेचकस, डाख लावण्याची कांडी, आणि चहा.