‘ताबा’ हा शब्द जमिनीचा आहे, मुलाचा नव्हे

१/ दर काही महिन्यांनी एक विधान इतिहासाच्या नावाने फिरत राहते : घटस्फोट ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, आपल्याकडे त्यासाठी शब्दसुद्धा नव्हता, आणि म्हणून आपल्याकडची मुले सुखी होती. या एका वाक्यात तीन दावे आहेत. पहिले दोन चुकीचे आहेत. तिसरा चुकीचा तर आहेच, शिवाय निर्दयही आहे. हा धागा त्या तिन्ही दाव्यांविरुद्ध आहे.

२/ आधी शब्दांचे पाहू. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे तीनही शब्द मराठी जनजीवनातले आहेत. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत दख्खनमधील जातीजातींच्या रूढींची चौकशी झाली आणि आर्थर स्टीलने ती १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विवाह, पाट आणि विभक्ती यांचे जातवार नियम त्यात नोंदवलेले दिसतात. ज्या समाजात एखादी गोष्ट घडतच नाही, त्या समाजात तिचे नियम कशाला असतील?

३/ मग ‘आपल्याकडे नव्हते’ म्हणताना ‘आपण’ कोण असतो? हे ‘आपण’ म्हणजे मूठभर उच्चवर्णीय घरे. बहुसंख्य कष्टकरी जातींत पाट लागत होता आणि काडीही मोडली जात होती. स्वतःच्या ओसरीवरून दिसले तेवढेच गाव आहे असे मानणे, ही इतिहासलेखनातील जुनी खोड आहे.

४/ ‘घटस्फोट’ या शब्दाचा प्रवास तर विलक्षण आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट हा विवाह मोडण्याचा विधी नव्हे. पतित ठरवलेल्या माणसाला जिवंतपणी मृत मानून, घट फोडून नातलगांतून बाहेर काढण्याचा तो विधी. कष्टकऱ्यांनी एक काडी मोडून जे साधले, त्याला शिष्ट मराठीने बहिष्काराचे नाव दिले. आजही न्यायालयाबाहेर उभ्या असलेल्या बाईकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर या शब्दातच दडलेली आहे.

५/ रूढीचा हा मार्ग अरुंद कोणी केला? वसाहतकालीन न्यायालयांनी. १८७६ च्या ‘रेजिना विरुद्ध संभू रघू’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचांच्या परवानगीने दुसरे घर केलेली स्त्री दंडसंहितेच्या कलम ४९४ खाली गुन्हेगार ठरू शकत होती. जी अविच्छेद्यता आज ‘आपली परंपरा’ म्हणून मिरवली जाते, तिच्यावर व्हिक्टोरियन न्यायाधीशांची मोहोर आहे.

६/ याचा अर्थ जातपंचायत म्हणजे न्यायाचे मंदिर होते असा नाही. तिथेही निर्णय पुरुष करीत आणि दंड बहुधा बाई भरी. भूतकाळाला सोन्याचा मुलामा देणे हा या धाग्याचा हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. विवाह मोडण्याचा इतिहास आपण थोडाफार तरी वाचतो. विवाह मोडल्यावर मूल कोणाचे, याचा इतिहास मात्र वाचत नाही.

७/ त्यासाठी थोडे इंग्लंडला जावे लागेल, कारण आपल्या कायद्याची वीट तिथे भाजली गेली. इंग्लिश सामान्य कायद्यात मुलावर अधिकार बापाचा असे. आईला मान होता, सत्ता नव्हती. १८३६ मध्ये लेखिका कॅरोलाइन नॉर्टन यांच्या पतीने तीनही मुलगे त्यांच्यापासून तोडले आणि कायद्याने त्यात काहीच गैर नव्हते. त्यांनी लेखणी उचलली. १८३९ चा कायदा त्या लढ्याचे फळ. पण केवढे? सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करता येईल. तोही ती व्यभिचारी ठरलेली नसेल तर.

८/ १८७८ मध्ये ॲनी बेझंट यांची मुलगी न्यायालयाने त्यांच्याकडून काढून घेतली. कारण काय? आईचा नास्तिकपणा आणि संततिनियमनाचे पुस्तक प्रसिद्ध केल्याचा ठपका. याच बेझंटबाई पुढे मद्रासेत जे. कृष्णमूर्तींच्या पालकत्वासाठी त्यांच्या वडिलांविरुद्ध लढल्या. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तांत्रिक मुद्द्यावर निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण तत्त्व सांगितले ते हेच की बापाने पालकत्व दुसऱ्याकडे सोपवले तरी तो ते परत घेऊ शकतो.

९/ आता महाराष्ट्रात येऊ. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आपण दरवर्षी अभिमानाने आठवतो, आणि आठवावाच. पण त्याची कलमे किती जणांनी वाचली आहेत? कलम २ : पुनर्विवाह करताच विधवेचा मृत पतीच्या संपत्तीवरील हक्क संपतो. कलम ३ : पतीने मृत्युपत्राने पालक नेमलेला नसेल, तर मृताचे आईवडील, आजीआजोबा किंवा कोणीही पुरुष नातेवाईक मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज करू शकतो. नवे कुंकू लावण्याची किंमत म्हणून आईला आपली मुले पणाला लावावी लागत.

१०/ रखमाबाईंचा खटला आपल्याला ठाऊक असतो. त्यांच्या आई जयंतीबाई फारशा ठाऊक नसतात. तरुणपणी विधवा झालेल्या जयंतीबाईंनी आपली मालमत्ता मुलीच्या नावे केली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मुलीचे भविष्य आधी कागदावर सुरक्षित करायचे आणि मगच स्वतःच्या आयुष्याचा विचार करायचा, हा क्रम त्या बाईने कोणत्या धाकापोटी निवडला असेल, हे कलम २ आणि ३ शेजारी ठेवून वाचले की उमगते.

११/ १८९० मध्ये ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ कायदा आला. तो आजही जिवंत आहे. मुलाचे हित पाहावे असे तो सांगतो. पण बाप हयात असून अपात्र नसेल, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, असेही त्याच्या कलम १९ मध्ये होते. त्या कलमात बापाच्या जोडीला ‘आई’ हा शब्द कधी घातला गेला? २०१० मध्ये. एका शब्दासाठी १२० वर्षे.

१२/ विवाह मोडण्याची वाट मात्र भराभर मोकळी होत गेली. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या १९१० च्या कायद्याने घटस्फोट आला. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ चा हिंदू घटस्फोट कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४७ चा. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या कलम २९ ने रूढीने चालत आलेली काडीमोडही मान्य ठेवली. १९७६ मध्ये परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. नवरा-बायकोचे नाते सुटू शकते, हे राज्याने मान्य केले.

१३/ पण १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा उघडा आणि कलम ६ वाचा. औरस मुलाचा नैसर्गिक पालक : बाप, ‘आणि त्याच्यानंतर’ आई. अनौरस मुलाचा : आई, आणि तिच्यानंतर बाप. विवाहित अल्पवयीन मुलीचा : नवरा. म्हणजे मूल प्रतिष्ठेचे असेल तर बापाचे, लाजेचे असेल तर आईचे, आणि मुलीचे लग्न लावून दिले असेल तर तिसऱ्याचेच. एका कलमात इतका समाजशास्त्रीय प्रामाणिकपणा क्वचितच सापडतो.

१४/ याच कलमात एक सवलत आहे : पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे. इथे ‘ताबा’ आणि ‘पालकत्व’ यांतील भेद नीट समजून घ्या, सगळी मेख तिथे आहे. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहते, कोण त्याचा डबा भरते, कोण तापात रात्रभर जागते. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने सही कोण करतो. कायद्याने कष्ट आईला दिले आणि सही बापाला. मुस्लिम कायद्यातही हिजानत आईकडे आणि विलायत बापाकडे. धर्म बदलला तरी मांडणी तीच.

१५/ न्यायालयांनी डागडुजी केली. १९७० मधील ‘जिजाबाई गजरे’ खटल्यात आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त होते आणि अल्पवयीन मुलीची जमीन आईच सांभाळत होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाप हयात असला तरी नसल्यासारखाच आहे, म्हणून आईला नैसर्गिक पालक मानता येईल. निकाल माणुसकीचा होता. पण तर्क पाहा : आईला स्थान मिळावे म्हणून बापाला आधी कागदोपत्री नाहीसे व्हावे लागले.

१६/ १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांचा खटला निकाली निघाला. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही पुरेशी मानली गेली नव्हती. याच सुनावणीत वंदना शिवा यांची याचिका होती; त्यांचा मुलाच्या ताब्याचा वाद घटस्फोटाच्या प्रकरणात चालू होता. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या मृत्यूनंतर’ नव्हे, तर ‘त्याच्या अनुपस्थितीत’, असा अर्थ लावला. कलम वाचले, आईचीही सोय झाली. पण बाप उपस्थित असेल तर रांगेत पुढे तोच.

१७/ इथे प्रतिवाद येईल : प्रत्यक्षात न्यायालये मूल आईलाच देतात, बापाला महिन्यातून दोन रविवार न्यायालयाच्या आवारातल्या खोलीत बसावे लागते. या तक्रारीला हसू नका. आपल्याच मुलाला पाहुण्यासारखे भेटणाऱ्या बापाचे दुःख खरे आहे, आणि एका पालकाविरुद्ध मुलाचे मन कलुषित केले जाते, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे.

१८/ पण या दुःखाचे मूळ कुठे आहे? मूल वाढवणे हे बाईचे जन्मजात काम, ही समजूत ज्या कलमात आहे, त्याच कलमात बापाचा पहिला मान आहे. सत्ता बापाची म्हणणारा कायदा, संगोपन बापाचे असे कधी म्हणत नाही. आज ताब्यासाठी झगडणारा बाप ज्या भिंतीवर डोके आपटतो, ती त्याच्याच पूर्वजांनी बांधली. त्याने आईविरुद्ध नव्हे, कलम ६ विरुद्ध उभे राहायला हवे.

१९/ दुसरी तक्रार पोटगीची : बायका पोटगीवर चैन करतात. पोटगी या शब्दातच पोट आहे. केंद्रीय फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती आणि ती उठली २००१ मध्ये. १९७३ पासून अठ्ठावीस वर्षे महागाई वाढत गेली, आकडा हलला नाही. या ‘चैनी’चे हिशेब मांडणाऱ्यांनी त्या काळातली शाळेची फी आणि दुधाचा भाव एकदा शेजारी मांडून पाहावा.

२०/ बदल सुचवले गेले नाहीत असे नाही. विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालात आणि २०१५ च्या २५७ व्या अहवालात बापाचे हे अग्रस्थान काढून टाकण्याची शिफारस केली. २०१५ च्या अहवालाने संयुक्त ताब्याचा पर्यायही मांडला. कलम ६ जागचे हलले नाही. दरम्यान ज्या इंग्लंडकडून आपण ही वीट आणली, तिथे १९७३ मध्ये आईबापांचे अधिकार समान झाले, आणि १९८९ च्या कायद्याने ‘ताबा’ हा शब्दच बाजूला सारून ‘पालकाची जबाबदारी’ हा शब्द आणला. ‘पाश्चात्त्य अनुकरणा’ला नाक मुरडणारे लोक पाश्चात्त्यांनी टाकून दिलेलीच गोष्ट उराशी धरून बसले आहेत.

२१/ संयुक्त ताबा हा जादूचा उपाय नाही. जिथे मारहाण आहे, तिथे ‘दोघांनी मिळून ठरवा’ म्हणणे म्हणजे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्या दारात पुन्हा उभे करणे. म्हणून प्रत्येक प्रकरण मुलाच्या हिताने तोलले पाहिजे. पण तोलताना तराजूचे एक पारडे आधीच जड असू नये, एवढी मागणी अवास्तव नाही.

२२/ महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बापाच्या नावाआधी आईचे नाव येते. चांगले झाले. पण नाव लिहिणे आणि सहीचा अधिकार देणे यांत अंतर आहे. १८५६ पासून आपली ही सवय आहे : दर्शनी दार रंगवायचे आणि मागचे कुलूप तसेच ठेवायचे.

२३/ आता सुरुवातीच्या तिसऱ्या दाव्याकडे : विवाह मोडत नव्हते म्हणून मुले सुखी होती. त्या मुलांना कोणी विचारले होते? ज्या घरातून आईला बाहेर पडताच येत नव्हते, कारण उंबरठा ओलांडला की मूल हातचे जाणार होते, त्या घराच्या शांततेला सुख म्हणणे म्हणजे कैद्याच्या मौनाला संमती म्हणणे.

२४/ ताबा हा शब्द महसुली आहे. शेताचा ताबा, घराचा ताबा, गहाणाचा ताबा. रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मुले ही मालमत्ता नव्हेत असे बजावले. तरी आपल्या अर्जांत, बातम्यांत आणि घरातल्या बोलण्यात मूल अजून सातबाऱ्यावरच आहे. पुढच्या वेळी ‘आपल्याकडे असे नव्हते’ असा फॉरवर्ड आला, तर वाद घालत बसू नका. त्याला फक्त कलम ६ पाठवा आणि विचारा : ‘त्याच्यानंतर’ हा शब्द कुठल्या परंपरेतला?