मोजपट्टी कोणाच्या हाती?

1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातील सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला. बाजारभाव, पीकसल्ला, शिक्षण, सरकारी दाखले असे सारे गावातल्या केंद्रावरच मिळेल, अशी कल्पना होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूतील संशोधकांनी केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला. शेतकरी तिथे येत होते ते मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या हिशेबासाठी: उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, बिल किती निघाले. एवढ्यासाठी संगणक कशाला, म्हणून 7 गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले गेले आणि ते नीट चालले.

मग मूळ प्रकल्प फसला की साधला? कागदावरची आश्वासने धरली तर पुष्कळसा फसला. ऊस उत्पादकाला विचारले असते तर त्याने कदाचित निराळा शेरा मारला असता. निकाल बदलतो तो मोजपट्टीबरोबर, आणि आपल्याकडे ती मोजपट्टी योजना आखणाऱ्यांकडेच राहते. किती यंत्रे बसली, किती जणांना प्रशिक्षण मिळाले, निधी किती खर्च झाला, हे मोजायला सोपे असते म्हणून तेच मोजले जाते. गावातल्या लोकांना मूल्यमापनात घ्यावे, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. फक्त ‘घ्यावे’ म्हणजे नेमके काय, याचा विचार तिच्या समर्थकांनीही पुरेसा केलेला नाही.

प्रकल्प संपल्यावर प्रश्नावली घेऊन घरोघरी जाणे हा सर्वांत रूढ मार्ग, आणि तो सर्वांत फसवा. बेंगळुरूत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन अगदी सारख्या वस्तूंपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असे सांगितले, की ती पसंत पडण्याची शक्यता सुमारे अडीच पट होत असे. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असेल, तर पाच पट. दारी आलेल्या माणसाचे मन मोडू नये, हा आपला संस्कार. त्यातच पुढच्या योजनेतून नाव गळेल ही धास्तीही असते. अशा उत्तरांची टक्केवारी काढून ‘लाभार्थी समाधानी’ असे लिहिणे म्हणजे सौजन्यालाच पुरावा मानणे.

दुसरी मर्यादा जाणकारीची. इंडोनेशियात 600 हून अधिक गावांतील रस्त्यांच्या कामांवर बेंजामिन ओल्केन यांनी केलेला प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार, असे जाहीर केलेल्या गावांत गहाळ होणारा खर्च 8 टक्के अंकांनी घटला. हिशेबाच्या सभांना अधिक गावकरी बोलावल्याने मात्र सरासरी फारसा फरक पडला नाही. मजुरीतली गळती लोकांनी थोडीफार रोखली, सामानातली रोखता आली नाही. बुडालेली मजुरी ज्याची त्याला कळते. रस्त्यात किती खडी पडली, हे कळायला तो खणून नमुने काढावे लागतात. हा प्रयोग लोकसहभागाविरुद्धचा कौल नाही. लोकांची नजर कुठे पोहोचते आणि कुठे तज्ज्ञ लागतो, याची सीमा तो दाखवतो.

तिसरी अडचण ‘स्थानिक’ म्हणजे कोण, ही. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब करायची आणि मग गणपूर्तीची अट नसलेल्या सभेत मोजक्या डोक्यांच्या साक्षीने ठराव करायचे, हा प्रकार गावोगाव ठाऊक आहे. आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती सह्यांपुरती उरली, तर गावाचे मत म्हणजे चार वजनदार घरांचे मत. शिवाय दिवसाचा रोज बुडवून सभेला बसणे सर्वांना परवडत नाही.

तरीही वाट आहे, आणि तिचा थोडा भाग आपल्याच एका योजनेत दिसतो. जलजीवन मिशनमध्ये ‘हर घर जल’ हे खात्याने जाहीर करून भागत नाही, ग्रामसभेने ठराव करून ते प्रमाणित करावे लागते. गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाने पाणी तपासायला शिकवण्याची तरतूदही आहे; संचात शंका आली की खात्री प्रयोगशाळेत होते. ही कामाची वाटणी योग्य आहे. उणीव आहे ती क्रमात. माणशी दररोज 55 लिटर हा निकष दिल्लीत ठरतो आणि गावाला विचारले जाते ते शेवटी. टंचाईच्या गावाचा पहिला प्रश्न असतो वैशाखात पाणी येईल का, हा. ठराव दिवाळीत झाला, तर तो प्रश्न ठरावात येणारच नाही.

म्हणून आमचे मत असे: काय मोजायचे, हे निविदा निघण्यापूर्वी गावाने ठरवावे आणि महिलांच्या सभेचे निकष त्यात वेगळे नोंदवावेत. कसे मोजायचे आणि हिशेब कसा तपासायचा, हे कंत्राटदाराशी किंवा खात्याशी बांधील नसलेल्या जाणकारांकडे राहावे. जे गावकरी नोंदी ठेवतील त्यांना त्या दिवसांचा मोबदला मिळावा. याने वेळ आणि पैसा दोन्ही थोडे जास्त लागतील, आणि पाच-सहा गावांच्या लहान प्रकल्पाला हा सारा सोपस्कार जड जाईल. तिथे निकषांचे एक पान पुरे. गाव आणि तज्ज्ञ यांचे पटले नाही, तर दोन्ही शेरे एकाच अहवालात, मराठीत, शेजारी शेजारी छापावेत. मतभेद घोटून काढलेल्या एका गुळगुळीत श्रेणीपेक्षा पुढची योजना आखणाऱ्याला हे दोन शेरेच अधिक शिकवतील.