कटिंगबरोबर पेनकिलर घेताय? जरा थांबा

डोंबिवली स्टेशनबाहेरचं हे रोजचं चित्र. गाडी पकडायची घाई, हातात कटिंग आणि तोंडात डोकेदुखीची नाहीतर कंबरदुखीची गोळी. "चहाबरोबर घेतली की लवकर लागू पडते." मीही हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि खरं सांगतो, करतही आलोय.

यात अजिबात तथ्य नाही असं नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळीबरोबर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफिन दिलं, तर शंभरात आणखी पाच ते दहा जणांना चांगला आराम पडतो. बस्स, एवढंच! कपभर चहात कॅफिन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, कटिंगमध्ये त्याच्या निम्मं. म्हणजे फायदा नावापुरता. उपाशीपोटी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्याचा त्रास मात्र पोटाला, आणि रोजची सवय लागली तर किडनीलाही.

काही गोळ्यांत कॅफिन आधीच असतं. उदाहरणार्थ सॅरिडॉन. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात हे मिश्रणही होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला सूट मिळाली. ठीक आहे, कायद्याने चालतं. पण अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा-दहा दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग त्यावर उतारा काय, तर पुन्हा गोळी!

पावसाळ्यात तर धोका आणखी. ताप, अंगदुखी म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली आणि तो डेंग्यू निघाला, तर रक्तस्राव वाढू शकतो.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका मेडिकलमध्ये मी डायक्लोफेनॅक मागितली. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही, "किती देऊ?" एवढंच. पाकिटावरची लाल रेघ मग कशासाठी छापतात? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हेच ती सांगते ना?

अन्न व औषध प्रशासनाने ठाणे ते कल्याण स्टेशनबाहेरच्या काउंटरवर अधूनमधून साधं गिऱ्हाईक बनून जावं. आणि आपण? पट्टी उलटी करून आतलं औषध वाचावं. दुखणं आठवडाभर हटत नसेल तर टपरी नाही, डॉक्टर गाठावा.

तुमच्या बॅगेत आत्ता कुठली पट्टी आहे? बघा आणि कमेंटमध्ये सांगा.