भिंतींतील यंत्र आणि हातांतील यंत्र

घर झाडणें हें काम असें आहे कीं, तें झालें तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि राहिलें तर आल्यागेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत भरतें. अशा ह्या उपेक्षित कामावर गेल्या सव्वाशे वर्षांत कल्पक माणसांनीं पुष्कळ बुद्धि खर्च केली आहे, आणि तिचें फळ म्हणून आज दोन प्रकारचीं यंत्रें गृहस्थापुढें उभीं आहेत. एक, घराच्या भिंतींत नळ घालून बसविलेलें मध्यवर्ती व्हॅक्यूम यंत्र. दुसरें, विजेच्या तारेवांचून बॅटरीवर चालणारें, हातांत धरावयाचें कॉर्डलेस यंत्र. पहिल्याचा प्रसार मुख्यत्वें अमेरिकेंत व कॅनडांत आहे. दुसरें मुंबईपुण्याच्या घरांतही दिसूं लागलें आहे. ह्या दोहोंपैकीं बरें कोणतें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत घरांतील माणसांच्या श्वासाचा व श्रमांचा प्रश्न दडलेला आहे, आणि म्हणूनच तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याजोगा आहे.

प्रथम तत्त्व समजून घेऊं. हीं यंत्रें धूळ 'ओढतात' असें आपण म्हणतों. वस्तुतः यंत्रांतील पंखा फिरूं लागला म्हणजे आंतील हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरची अधिक दाबाची हवा तोंडावाटे आंत धांवते. धांवतांना ती वाटेंतील धूळ, केस व कण बरोबर घेऊन जाते. पुढें ती हवा गाळून बाहेर सोडावयाची व धूळ मागें ठेवावयाची, एवढेंच ह्या यंत्राचें रहस्य. तेव्हां अशा कोणत्याही यंत्रास तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हवा किती जोरानें धांवते? गाळलेली हवा कोठें जाते? आणि तें यंत्र रोज हातीं घेण्याचा उत्साह माणसास राहतो कीं नाहीं?

इतिहास पाहतां मोठें यंत्र आधीं आलें. इंग्लंडांत ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्या इंजिनिअरानें १९०१ सालीं जें यंत्र केलें, तें घोड्यांच्या गाडीवर घालून दाराशीं आणीत व त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे बूथच्या यंत्रानेंच साफ केले गेले. त्याच सुमारास अमेरिकेंत डेव्हिड केनी ह्यानें पिट्सबर्ग शहरांतील फ्रिक इमारतींत एका जागीं यंत्र व तेथून सर्व इमारतींत नळ अशी योजना केली. म्हणजे आज नवलाचें वाटणारें मध्यवर्ती यंत्र हें ह्या कुळांतील जवळजवळ वडीलच म्हटलें पाहिजे.

धाकट्या भावंडाचा जन्म निराळ्या ठिकाणीं झाला. ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं एका दुकानांत झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर ह्यास दम्याचा विकार होता, आणि गालिचे झाडतांना उडणारी धूळ त्यास सोसवेना. त्यानें १९०७ च्या सुमारास विजेच्या पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ अशा सामानावर आपलें यंत्र उभारलें व १९०८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें तें हूव्हर कुटुंबाच्या हातीं जाऊन जगभर पसरलें. ज्याच्या हातांत झाडू होता, आणि ज्याच्या छातींत ती धूळ जात होती, त्यालाच हलक्या यंत्राची युक्ति सुचली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आल्यानंतर कालांतरानें ह्या यंत्राची तारही गळून पडली. ज्या संशोधनामुळें ही बॅटरी शक्य झाली, त्याबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां दोहोंचे गुणदोष पाहूं. मध्यवर्ती यंत्राची मोटर तळघरांत किंवा गॅरेजमध्यें बसविलेली असते. तेथून सुमारें दोन इंच व्यासाचे प्लास्टिकचे नळ भिंतींतून फिरवून प्रत्येक मजल्यावर एकदोन ठिकाणीं तोंडें ठेवितात. झाडणाऱ्यानें नऊदहा मीटर लांबीची लवचिक नळी त्या तोंडास जोडली कीं काम सुरू होतें. मोटर हातांत वागवावयाची नसल्यामुळें ती मोठी ठेवतां येते, आणि म्हणून तिचा जोर हातांतील यंत्राहून पुष्कळच अधिक असतो. गोंगाट दूर राहतो. धुळीचें पिंप मोठें असल्यानें तें वरचेवर रिकामें करावें लागत नाहीं. सर्वांत मोठा गुण हा कीं, अनेक घरांत गाळलेली हवा पुन्हा खोलींत न सोडतां थेट बाहेर सोडतां येते. परंतु हें सारें घर बांधतांनाच करणें सोयीचें; मागाहून करावयाचें तर खर्च व खटाटोप दोन्ही वाढतात. घर सोडावें तर नळ तेथेंच राहतात. शिवाय ती लांब नळी खोलीखोलींतून ओढीत न्यावी लागते. पानाखालीं सांडलेल्या चार शितांसाठीं ती बाहेर कोण काढील?

हातांतील यंत्राचा गुण नेमका येथेंच आहे. तें दोनतीन किलो वजनाचें, भिंतीवरील खुंटीवर टांगलेलें असतें; मनांत आलें कीं हातांत येतें. पण त्याचा जीव बॅटरीएवढाच. मंद गतीनें तें पाऊणएक तास चालेल. पूर्ण जोरावर दहाएक मिनिटांत थकतें. त्याचा धुळीचा डबा लहान, आणि तो रिकामा करतांना जपलें नाहीं तर गोळा केलेली धूळ पुन्हा तोंडावर येते. त्याची हवा खोलींतच सुटते. म्हणून त्याची गाळणी चांगली असणें अगत्याचें आहे. 'हेपा' नांवाची गाळणी अमेरिकन प्रमाणाप्रमाणें ०·३ मायक्रॉन आकाराचे कण शेंकडा ९९·९७ अडविते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांहीं वर्षांनीं बॅटरी दुबळी होते, ती बदलावी लागते. जुनी बॅटरी केरांत टाकूं नये. भारत सरकारच्या २०२२ सालच्या नियमांनीं अशा बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तिचा फायदा ग्राहकानें अवश्य घ्यावा.

तर मग निवड कशी करावी? आमचें मत असें आहे कीं, यंत्राची निवड घर पाहून करावी. अमेरिकेंत व कॅनडांत पुष्कळ घरें लांकडी सांगाड्याचीं, आंतून पोकळ भिंतींचीं, दोन मजलीं, आणि खोलीभर जाड गालिचा अंथरलेलीं असतात. तेथें नवें घर बांधणाऱ्यानें, विशेषतः घरांत दम्याचा रोगी असल्यास, मध्यवर्ती यंत्र बसविणें शहाणपणाचें आहे. आपल्याकडील दोनतीन खोल्यांच्या, विटांच्या व काँक्रीटच्या भिंती असलेल्या घरांत तसें करणें म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणें होय. येथें हातांतील यंत्र पुरेसें आहे. तरीही फरशी ओल्या फडक्यानें पुसण्याचें काम त्यानें टळत नाहीं, हें विसरतां कामा नये.

"मग केरसुणीनें काय वाईट केलें?" असें कोणी आजीबाई विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. गुळगुळीत फरशीवर केरसुणी स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि तिला वीज लागत नाहीं. परंतु गादी, पडदे, सोफा व पुस्तकांचें कपाट ह्यांवर केरसुणी किंवा झटकणी फिरविली असतां धूळ निघून जात नाहीं. ती जागा बदलते, आणि तिचा अति बारीक अंश कितीतरी वेळ हवेंत तरंगत राहतो. ती धूळ प्रथम कोणाच्या छातींत जाते? नाकाला पदर लावून झाडणाऱ्या आईच्या, किंवा चार घरचीं कामें करणाऱ्या बाईच्या. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण केरसुणीस हळदकुंकू वाहतों. ती धरणाऱ्या हाताची मात्र आपणांस वर्षभर आठवण होत नाहीं.

आणि यंत्र आणलें म्हणजे तो हात आपोआप मोकळा होतो, असेंही नाहीं. रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या अमेरिकन इतिहासकार विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' ह्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, घरांत यंत्रें आलीं तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहींत. पूर्वीं गालिचे अंगणांत नेऊन बडविण्याच्या कामीं पुरुष व मुलें हातभार लावीत. यंत्र आल्यावर तें काम एकट्या गृहिणीवर पडलें, आणि स्वच्छतेची अपेक्षा मात्र वाढली. यंत्र श्रम हलके करतें, पण श्रमांची वांटणी करीत नाहीं. ती घरांतल्या माणसांनीं करावयाची असते.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, यंत्र घेतांना केवळ त्याचा जोर पाहूं नये. त्याची गाळणी पाहावी, त्याचें वजन पाहावें, आणि घरांतील सर्वांत धाकट्या शाळकरी मुलाच्या हातांत तें एकदां देऊन पाहावें. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणीही, मुलगा असो वा मुलगी, दोनतीन किलोंचा हा भार सहज उचलूं शकेल. आठवड्यांतून एक दिवस आपली गादी व आपलें पुस्तकांचें कपाट आपणच साफ करण्याचा नेम धरा. ज्या घरीं यंत्र नसेल, त्या घरीं ओलें फडकें आहेच. तेंही धूळ उडूं देत नाहीं, आणि तें हातीं धरावयास बॅटरी लागत नाहीं.