रजिस्ट्रीची झाडलोट

शनिवार-रविवार आला की ओळखीतून एक तरी फोन येतोच. "अरे, तो अमुक प्रोग्राम काढला, पण रजिस्ट्रीत त्याच्या नोंदी राहिल्यात म्हणे. साफ करायचं एखादं सॉफ्टवेअर सांग ना." माझं उत्तर ठरलेलं: राहू देत. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मी आळशी तरी आहे किंवा मला त्यातलं कळत तरी नाही, असं समोरच्याला वाटतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मुळात नोंदी राहतात का? थोडा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आळस, मान्य (आमचेच भाईबंद, काय बोलणार!). पण पुष्कळदा त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. पुन्हा इन्स्टॉल केलंत तर तुमची सेटिंग्ज जागेवर मिळावीत म्हणून. आणि ३० दिवसांच्या ट्रायलवाला तर खूण ठेवूनच जातो, नाहीतर लोक दर महिन्याला काढून पुन्हा टाकतील.

राहता राहिला वेग. रजिस्ट्री झाडासारखी रचलेली असते. विंडोजला नोंद हवी असली की ते पत्ता धरून फांदीफांदीने नेमकं तिथे जातं, अख्खं झाड हलवत बसत नाही. सोसायटीच्या बोर्डावर सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव राहिलं म्हणून लिफ्ट हळू चालते का? विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या एकूण आकाराला मर्यादा होती, तेव्हा या काळजीत थोडंफार तथ्य होतं. २००१ साली एक्सपी आलं आणि ती मर्यादा गेली. काळजी मात्र राहिली, आणि तिच्यावर कित्येकांची दुकानं चालली.

खरा धोका या झाडूवाल्या सॉफ्टवेअरचाच. नोंद निरुपयोगी आहे हे ते ठरवतं कसं? बऱ्याचदा नोंदीतली फाइल सापडते का, एवढ्यावरच. ती फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर असली आणि डिस्क त्या वेळी जोडलेली नसली, की झाली नोंद बेवारस! मग ऐन मार्चअखेर हिशेबाचा प्रोग्राम उघडेनासा झाला, तर कारण कुठे शोधणार? अशा सॉफ्टवेअरच्या वापराला आमचा पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेलं आहे. त्यांनी स्वतःचं इन्स्टॉलर क्लीनअपचं साधनसुद्धा २०१० मध्ये मागे घेतलं, कारण ते कधीकधी दुसऱ्याच प्रोग्रामांना इजा करायचं. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच घुसखोरांनी मालवेअर घातल्याचं उघड झालं.

म्हणजे कधीच हात लावू नये? तसंही नाही. सीडी लिहिण्याचा प्रोग्राम काढल्यावर डीव्हीडी ड्राइव्हच गायब होणं हा जुना, प्रसिद्ध आजार. त्याचं कारण बहुधा ड्राइव्हच्या नोंदीत मागे राहिलेलं 'अपरफिल्टर्स' नाहीतर 'लोअरफिल्टर्स'. ते काढलं की ड्राइव्ह परत दिसतो. किंवा मशीन सुरू करताना रोज 'फाइल सापडली नाही' ही कटकट, तिचं मूळ 'रन'मधल्या एका ओळीत असू शकतं. इथे दुखणं खरं आहे आणि नोंदही माहीत आहे. मग काढा की! फक्त तेवढीच काढा.

आधी रिस्टोअर पॉइंट करून घ्या. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत आपणहून 'रेगबॅक' फोल्डरात ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून (२०१८) ते बंद झालं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. मग रेजएडिट उघडून नेमकी ती की एक्स्पोर्ट करा. प्रोग्रामची स्वतःची की असेल तर मी ती लगेच उडवत नाही. नाव बदलतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि आठवडाभर नेहमीसारखं काम करतो. कुणी कुरकुरलं नाही, की डिलीट. कंपनीचं नाव शोधात टाकून एफ-३ दाबत जायचं आणि दिसेल ते पुसायचं, हा उद्योग अजिबात नको. त्याच कंपनीचं दुसरं काहीतरी तुमच्याकडे चालू असतं.

एक्स्पोर्ट केलेली फाइल महिनाभर तरी ठेवा. एक प्रत पेनड्राइव्हवरही असू द्या. डबल क्लिक केलं की नोंद परत येते. पण विंडोजच सुरू झालं नाही तर डबल क्लिक करणार कशावर? तेव्हा रिकव्हरीतून तो रिस्टोअर पॉइंटच कामाला येतो.