रजेचा पगार परत कशासाठी?

‘बाळंतपणानंतर कामावर आला नाहीत, तर रजेचा पगार परत करावा लागेल.’ परभणीतल्या एखाद्या खासगी शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या करारात असे वाक्य दिसले, तर सही करण्याआधी थांबावे.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पात्रता साधी: आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. पुन्हा रुजू होण्याची अट त्यात नव्हती. उलट या हक्काला कात्री लावणारा करार कलम २७ पुढे टिकत नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही २६ आठवडे कायम ठेवले. ब्रिटनमध्येही कंपनीने स्वतःहून दिलेली जादा रक्कमच करारानुसार परत मागता येते, कायद्याने ठरवलेली नाही.

मालकाची तक्रार मात्र अगदीच पोकळ नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसेल, तर या रजेचा सगळा खर्च त्याच्याच खिशातून जातो. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार सरकारनेही उचलावा, असे सुचवले होते.

संस्थाचालकांनी वाटा सरकारकडे मागावा, बाळंतिणीकडे नव्हे.